आठ फुटांचा चेहरा

लुसेना,
शनिवार, १४ जून २०२५, दुपारचे सव्वातीन

प्रिय मारिवेल,

फ्लेक्सच्या कडेला दोरी ओवायची शेवटची रिंग आत्ताच ठोकली आणि हाताची शाई पुसून लिहायला बसलोय.

तुझी आई दुकानात आली, तेव्हा मी एका शब्दानंही अडवलं नाही. "पोरगी नर्सिंगची परीक्षा पास झाली. फाटकावर आठ बाय चारचा फ्लेक्स हवा. फोटो हा घे, आणि तुझी अक्कल पाजळू नकोस!" फोटो तूच मेसेजवर पाठवलेला, पदवीच्या झग्यातला, शेजारून मला कापून काढलेला. रुंदी सहाशे चाळीस पिक्सेल. फोनवर सुंदर दिसतेस. पण आठ फूट म्हणजे शहाण्णव इंच. भागून बघ, इंचाला जेमतेम सात. एकेक ठिपका मुगाच्या दाण्याएवढा. मूळ फोटो चार हजार पिक्सेलचा, तुझ्या भावानं माझ्याच फोनवर काढलेला. 'जसा आहे तसा छापा' यावर तिची सही घेतली आणि छापला.

तुमच्या समोरचा बेर्तो म्हणे तुझ्या आईला बघून भर रस्त्यात ओरडला, "अगं सेपा, पोरगी पास झाली की पोलिसांनी पकडली? तोंड का झाकलंय?" हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. कारण निकालाच्या संध्याकाळी तू म्हणाली होतीस, "डिंडो, तू चांगला आहेस रे, पण आता आपण दोघं बरोबर, ते कसं दिसेल?" दोन वर्षं रविवारीसुद्धा छपाई करून तुझ्या क्लासची फी मी भरली, तेव्हा ते कसं दिसत होतं?

काल तुझा मेसेज आला. "मूळ फोटो पाठव ना. रविवारी डॉक्टरच्या घरचे मागणी घालायला येतायत." डॉक्टर आहे, हे मला तेव्हा कळलं.

फोटो पाठवत नाही. छापलाय. आठ बाय सहा, कुठेही न कापता. तू, मी, माझ्या खांद्यावर तुझं डोकं. इंचाला एकेचाळीस पिक्सेल, रस्त्यावरून पापणी न पापणी दिसते. कुंपणाचं माप दोनदा घेतलं. उद्या सकाळची चर्चमधली मिसा सुटायच्या आत तुमच्या फाटकासमोर, बेर्तोच्या कुंपणावर बांधतो. पत्र तो आज संध्याकाळीच आणून देईल. पाहुण्यांना काय सांगायचं याचा रात्रभर विचार करता यावा, म्हणून लिहिलं.

एकेकाळी तुझाच,
डिंडो

खर्च: फ्लेक्स सातशे वीस पेसो, दोरी साठ, बेर्तोला जिनची बाटली सत्तर. येणं: क्लासची फी, अठरा हजार. ती उद्या फिटेल.