सातव्या गाण्यातला तुझा आवाज

माय, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि आता तुझा आवाज रोज कुणी ना कुणी अनोळखी माणूस ऐकतो. आमच्या बँडचा अल्बम निघाला. नऊ गाणी, सलग एकच गोष्ट: शेवंती-झेंडू पिकवणाऱ्या एका बाईची, दसऱ्याच्या तोडणीपासून अकोल्याच्या दवाखान्यातल्या खाटेपर्यंत. गिटार, ड्रम आणि वर माझा गळा, जो तुला कधी आवडला नाही. भाकरी थापता थापता तू विचारायचीस, "काहून वो अशी कन्हून राहिली? पोट दुखते का?" मी रागाने ताटावरून उठायची. एका दसऱ्याला मात्र बाजारात फुलं विकून येताना तूच गिटार घेऊन आलीस. म्हणालीस, "घे. कन्हाचंच आहे त सुरात कन्ह."

लोकांना अल्बम आवडला, आणि त्याचीच मला किळस आली आहे. त्यांची मतं मी रोज वाचते. "काय सुंदर उदासी आहे!" "पाऊस, कॉफी आणि सातवं गाणं." एकजण व्यायाम झाल्यावर शवासनात पडून ते ऐकतो. त्या गाण्याच्या शेवटी वाद्यं थांबतात आणि तू बोलतेस. दवाखान्यात मी मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग आहे ते: धाप, खोकला, मग काही पुसट शब्द. त्या शब्दांवरून लोक भांडतात. कुणी म्हणतं देवाला हाक मारते, कुणी म्हणतं लेकीला आशीर्वाद देते. एकीने विचारलं, ही नटी कोण, खोकला फार खरा काढलाय. तरी मी खाली खाली वाचतच जाते.

मागच्या रविवारी दुपारी अमरावतीत काही चाहत्यांनी एका हॉलमध्ये अल्बम ऐकायची बैठक ठेवली. मी मावशीला, तुझ्या धाकट्या बहिणीला, अकोल्याहून बोलावून घेतलं. सातवं गाणं संपलं. एक प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "हा मृत्यूचा स्वीकार आहे." सगळ्यांच्या माना हलल्या. मावशीने माझा दंड धरला.

"कायचा स्वीकार? ताई म्हणून राहिली, 'बंद कर वो ते.' तुले आयकू नाही येत?"

"येते."

"अन् तवा?"

"तवाही आलं होतं, मावशी."

तिने माझा दंड सोडला आणि आपला हात लुगड्याला पुसला. मग उठली, चहा न घेता बसस्टँडवर गेली. मी तिच्या मागे जाणार, तेवढ्यात प्राध्यापकांनी माझ्याकडे माईक दिला. ते शब्द काय आहेत, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "ज्याने त्याने आपापला अर्थ लावावा." टाळ्या पडल्या, माय. खूप वेळ पडल्या.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. "ते काढून टाक. एवढंच सांगणं आहे." मी हो म्हणाले. संगणकावर गाणं उघडलं, तुझे शब्द कापले आणि ऐकलं. गाणं चांगलं होतं, नुसतं चांगलं. मी शब्द परत जोडले.

हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही, मावशीला तर नाहीच. तिला वाटतं, त्या दिवशी दवाखान्यात रडण्याच्या भरात मला मोबाईल बंद करायचं सुचलं नसेल. मी रडत नव्हते, माय. मोबाईल तुझ्या तोंडाजवळ नेला तेव्हा माझ्या डोक्यात गाण्याची चाल सुरू झाली होती.