डाळिंबाचा ताण

आई,

आज कॉलेजात मुलांना डाळिंबाचं पान सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. चार दिवस पाणी न दिलेल्या कुंडीतलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे तर हिरवंगार आहे, याला त्रास कसला?" मी सांगितलं, वरून दिसत नाही. माती कोरडी पडली की मुळं पानांना निरोप धाडतात आणि पान सुकायच्या कितीतरी आधीच त्याच्या पेशी आपली बारीक तोंडं मिटून घेतात, आतलं पाणी आतच राहावं म्हणून.  

सांगताना मला सटाण्याचा आपला मळा आठवत होता. दादांनी बागेला ताण दिलाय, झाडांनी एकदम फुलून बहर धरावा म्हणून पाणी पार तोडलंय. पानं पिवळी पडून गळतायत. मी आठ-नऊ वर्षांची, मला बघवत नाही. मी रोज दुपारी गुपचूप कळशीने कडेच्या एका झाडाला पाणी घालते. पुढे सगळी बाग फुलांनी लाल होते आणि ते झाड नुसतंच पालवतं. दादा त्याच्यापाशी उभे राहून ओरडतात, "पाणी कोनी दिधं?" तू एकदा माझ्याकडे बघतेस आणि म्हणतेस, "मी दिधं." चार गड्यांसमोर तू नवऱ्याची बोलणी खाल्लीस. संध्याकाळी मला नेहमीसारखीच भाकरी वाढलीस.

नाशिक रोडला खोली घेऊन मी पाणी तोडलेल्या कुंड्यांतल्या रोपांवर संशोधन करत होते, तेव्हाही दर रविवारी फोनवर तुझं एकच, "मी बरी शे. तू तुनं काम कर." पोटातल्या गाठीचं तू दादांनासुद्धा सांगितलं नव्हतंस. कळलं तेव्हा आम्हाला जेमतेम अकरा दिवस मिळाले. आईने कळूच दिलं नाही, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले.

ते खरं नाही. त्याआधीच्या एका रविवारी तू वाक्याच्या मध्येच थांबून श्वास घेत होतीस आणि मला काय ते कळलं होतं. पण माझ्या कुंड्यांची मोजमापं त्याच आठवड्यात घ्यायची होती. म्हणून मी तुझं म्हणणं खरं मानलं. मला माफ करू नकोस.

हे पत्र प्रयोगवहीत ठेवून देते. दादा आता थकलेत. त्या झाडाला तूच पाणी दिलंस, असं अजून हसत हसत सांगतात, आणि मी होकारार्थी मान डोलावते.