ताई उभी आहे

४ सप्टेंबर

पुन्हा माझी विकेट मीच दिली! अंपायरने दिली नाही, बोलरने धड मागितली नाही, मीच ताटात वाढून मोकळी झाले.

अडतीसवर होते. चार महिन्यांत पहिल्यांदा चेंडू बॅटच्या मधोमध बसत होता. ऑफस्टंपबाहेरचा एक खेळायला गेले, कट् असा आवाज आला, मागे कीपरने झेलला. अंपायर ढिम्म. मी मात्र बॅट काखेत मारून निघाले!

संध्याकाळी कोचसरांनी मोबाइलवर दाखवलं. बॅट आणि चेंडू यांच्यात हात घालता येईल एवढी फट! "तू अंपायर आहेस का? त्याला त्याचे पैसे देतात ना?" वरून सगळ्या पोरी हसत होत्या.

पण आवाज आला होता. शपथेवर सांगते.

५ सप्टेंबर

बॅट दुरुस्त करणाऱ्याने मूठ धरून जराशी पिळली — कट्! "मूठ सुटलीय. ही बोलतेय, चेंडू नाही." म्हणजे मला बॅटच्या मुठीने आउट केलं! नवी मूठ बसवायला दिली.

बाबांना फोन केला. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे शेजारपाजारच्यांशी बोलायचं. तीस वर्षं क्लबच्या सामन्यांत अंपायर होते, कान गेले तसा कोट काढून ठेवला. मूठ वाजल्याचं ओरडून सांगितलं, तर म्हणतात, "बरं केलंस. शंका आली की निघायचं." कपाळावर हात मारून घेतला. आठ वर्षांची असल्यापासून ऐकतेय — अंपायरचे कान चुकतील, तुझे तर जागेवर आहेत ना? बाबा, धावफलकावर शंका लिहीत नाहीत हो! अडतीस लिहितात.

९ सप्टेंबर

आठ. लिहिण्यासारखं काही नाही.

१२ सप्टेंबर

चोवीस तारखेला देशाचा संघ जाहीर होणार. मधल्या फळीत एकच जागा उरलीय आणि तिच्यावर तिघींचा डोळा.

मेमध्ये मला काढलं तेव्हा सात डावांत मिळून एक्केचाळीस धावा होत्या. एका पेपरवाल्याने लिहिलं, "अनुभवाला गंज चढला." गेल्या वर्षी लागोपाठ दोन शतकं मारली तेव्हा हाच मला पोलादी म्हणत होता. तेहतीस वर्षांची आहे मी. आता काढलं की पुन्हा कोण बोलावतंय? नवरा म्हणतो, "सगळं ठीक होईल." त्याला चहासुद्धा ठीक होत नाही!

शेवटचा सामना अठराला. निवड समितीचे अध्यक्ष बघायला येणार आहेत. सर म्हणाले, "शंभर हवेत. ऐंशी केल्यास तर हळहळतील फक्त."

समोरच्या संघात लवंगी आहे. मागच्या शिबिरात माझ्या खोलीत होती. वय एकवीस, चण एवढीशी, चेंडू मात्र सणसणीत. वेगवान बोलरची एक जागा रिकामी आहे, ती तिला हवीय. "ताई, आपण दोघी जाऊ हं!" असा मेसेज आलाय. हिला कोणी सांगावं, माझी विकेट काढल्याशिवाय ही कशी जाणार?

१८ सप्टेंबर

एकशे चौदा!

अध्यक्षांनी हात मिळवला. सरांनी पाठ थोपटून थोपटून दुखवून ठेवली. पेपरवाला आला होता, गंजाचं नाव नाही.

चौतीसवरचं लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण इथे नाही तर कुठे?

लवंगीचा चेंडू शेवटच्या क्षणी बाहेर गेला. बॅटच्या कडेला लागला. अगदी बारीक, पण हाताला कळलं. कीपरने झेलला. लवंगी हात वर करून ओरडली आणि मग अंपायरकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली. सगळ्याच बघायला लागल्या. माझ्याबाबतीत तशी पद्धतच पडलीय, ताई आउट असेल तर ताईच जाते. अंपायरसुद्धा माझ्याकडेच बघत होता!

पाय हललेच नाहीत. खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसले. ती सुटलेली नव्हती.

आणि ती शहाणी हात खाली घेऊन अंपायरला म्हणते, "राहू द्या सर. ताई उभी आहे, म्हणजे लागला नसणार."

शी!

१९ सप्टेंबर

बाबांचा फोन. "चौतीसवर अपील झालं होतं म्हणे?"

मूठ वाजली, असं ओरडून सांगितलं. नव्या मुठीचं त्यांना काय ठाऊक! "मग ठीक," म्हणाले. आता गावभर सांगत सुटतील, माझी मुलगी उभी राहिली म्हणजे प्रश्नच नाही.

त्यांनी एकदा तरी उलटून विचारायचं होतं. नाही विचारलं. राग त्याचाच येतोय.

२४ सप्टेंबर

निवड झाली.

लवंगीची नाही. त्या सामन्यात तिला चार विकेट मिळाल्या. दुसरीकडे एकीने पाच काढल्या, तिला घेतलं. लवंगीला नेटमध्ये आम्हाला चेंडू टाकायला बरोबर नेणार आहेत.

तिचा मेसेज: "अभिनंदन ताई!! त्या दिवशी मी उगाच ओरडले. सॉरी हं."

सॉरी म्हणतेय! मला!! फोन गादीवर फेकला. सर म्हणतात, चेहरा का असा, पेढा दिल्यावर कारलं खाल्ल्यासारखा? काय सांगू यांना?

२७ सप्टेंबर

विमानतळाकडे जाणाऱ्या बसमधून बाबांना फोन केला. हळूच म्हटलं, लागला होता.

"काय?"

बाबा, चेंडू लागला होता.

"मोठ्याने बोल गं, कानातलं मशीन शिट्ट्या मारतंय!"

मग ओरडले. लागला होता! चौतीसवर! मूठ नव्हती वाजली, मला माहीत होतं!

बसमधल्या सगळ्याच माझ्याकडे बघायला लागल्या.

"आता ऐकू आलं," बाबा म्हणाले.

"मलाही," मागच्या सीटवरून लवंगी म्हणाली. ताई म्हणाली नाही.