जावईबापू आणि त्यांची ठिगळं

जावईबापूंना सादर आशीर्वाद.

(‘चिरंजीव’ लिहावं की ‘श्रीयुत’, यावर तुमच्या सासूबाईंशी माझी चहा निवेपर्यंत चर्चा झाली. त्यांचं म्हणणं, जावयाला चिरंजीव म्हटलं की तो मुलगा होतो, आणि मुलगा झाला की पत्राला उत्तर देत नाही. तेव्हा दोन्ही गाळून नुसते आशीर्वाद पाठवतो आहे. सादर कशाला, असं त्यांनी विचारलं. जावई आहेत म्हणून, असं मी सांगितलं.)

आम्ही दोघं खुशाल आहोत. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प बसतो, म्हणून मी शक्यतो उतरतोच. सासूबाईंची तब्येत इतकी उत्तम आहे की त्यांच्यासमोर माझ्या गुडघ्याचं नाव काढायची सोय नाही. तुमची आणि आमच्या कन्येची खुशाली कळवावी. मागच्या महिन्यात तुम्ही दोघं येणार म्हणून वरच्या खोलीतली गादी उन्हात टाकली होती, पडदे धुतले होते, खिडकीची कडीसुद्धा बदलली होती. आणि नेमकं निघायच्या आदल्या दिवशी तुमच्या कंपनीच्या त्या जगभर चालणाऱ्या कॉम्प्युटर-प्रणालीत चोर शिरेल एवढं मोठं भोक सापडलं आणि तुमची रजा रद्द झाली. त्याच्या आधीच्या खेपेलाही भोकच आडवं आलं होतं. भोक कधी सापडावं हे कुणाच्या हातात नसतं, हे आम्ही समजून आहोत. सासूबाई तर हल्ली वर्तमानपत्रात भविष्य वाचत नाहीत, भोकांच्या बातम्या वाचतात. तुमचं येणं कशावर ठरतं ते त्यातून जास्त बरोबर कळतं, असं त्या म्हणतात.

हे पत्र म्हणजे तक्रार नव्हे. जावयाकडे तक्रार करायची नसते, एवढं मला कळतं. दुकानात काय चाललंय ते फक्त कानावर घालतो. आपल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला तुम्ही कंपनीच्या त्याच प्रणालीवरचा कॉम्प्युटर बसवून दिलात, तेव्हापासून भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तर एकदा मुख्याध्यापिका बाई खुर्चीत बसल्या होत्या. नाकावर चाचणीची जड चौकट, एक डोळा झाकलेला, मी दुसऱ्या डोळ्यापुढे भिंगं बदलतोय, आणि पडद्यावरची अक्षरं जाऊन तिथे आलं: ‘अपडेट चालू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका.’ खाली बारीक अक्षरांत टक्के. मी माफी मागायला तोंड उघडलं. पण बाई शिस्तीच्या, समोर आलं ते मोठ्याने वाचायचं एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी ते खणखणीत वाचलं आणि म्हणाल्या की ‘करू नका’ स्वच्छ दिसतंय, ‘टक्के’ जरा पुसट आहे. मी भिंग बदललं, टक्के स्वच्छ झाले, नंबर निघाला. बाई खूश होऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, आमच्या शाळेतही हे वाक्य लागायला हवं.

तेव्हापासून मी नेहमीच्या अक्षरांपेक्षा तुमच्या अक्षरांवरच जास्त डोळे तपासले आहेत. ती ठळक असतात, वाक्याला अर्थ असतो, आणि एकदा आली की माझं भिंग सापडेपर्यंत जागची हलत नाहीत. गैरसोय झाली ती फक्त शिंप्याच्या बाबतीत. तो तिसऱ्यांदा आला तोवर ते वाक्य त्याला पाठ झालं होतं, खुर्चीत टेकायच्या आत त्याने ते म्हणून टाकलं. मी त्याच्या डोळ्यांचं कौतुक केलं, जुनाच नंबर ठेवला, आणि आता तो दोरा सुईच्या शेजारच्या हवेत ओवतो. (वाक्य अधूनमधून बदलता आलं तर पाहा. घाई नाही.)

खरा त्रास आहे तो शेजारच्या दुकानातल्या चावीवाल्याचा. अपडेट लागलं की याला कसा वास येतो देव जाणे, लगेच काउंटरवर कोपर टेकून उभा. म्हणतो, मी एक कुलूप विकलं की गिऱ्हाईक दहा वर्षं तोंड दाखवत नाही, आणि तुमच्या जावयाचं कुलूप दर महिन्याला आजारी. आभाळच फाटलंय काका, ठिगळ कुठे कुठे लावणार? आता खासगीत सांगतो, मलाही हा प्रश्न पडतो. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी त्याला ठणकावलं की भोकं तुझ्याही कुलपात असतील, पण तू ती कुणाला सांगत नाहीस. आमचा जावई स्वतःच्या मालातलं भोक स्वतः शोधतो, चारचौघांत कबूल करतो आणि ठिगळ घरपोच पाठवतो, याला छाती लागते. संध्याकाळी तो घरी गेला आणि आपल्याच दाराचं आपणच बसवलेलं कुलूप बायकोच्या केसातल्या पिनेने उघडून पाहिलं. उघडलं! तेव्हापासून तो माणूस जुन्या गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरून कुलपं तपासतोय, तीही फुकट. त्याच्या बायकोचा सध्या तुमच्यावर फार राग आहे. मनावर घेऊ नये.

आता भोकांचा विषय निघालाच आहे म्हणून आठवलं. गेल्या वर्षी आपला कॉम्प्युटर आजारी पडला होता, गिऱ्हाइकांच्या नंबरांच्या जागी नुसत्या चौकटी दिसत होत्या. तुम्हाला सकाळी फोन केला आणि संध्याकाळी तुम्ही दोघं बॅगा घेऊन दारात. कंपनीच्या अब्रूचा प्रश्न आहे, असं तुम्ही म्हणालात. चांगले चार दिवस राहिलात. तुम्ही काउंटरखाली पालथे पडून काहीबाही करत होता आणि कन्या शाळेत असताना बसायची तशी काउंटरवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत होती. सासूबाई स्वयंपाकघरात चक्क गुणगुणत होत्या. यंत्राच्या आजारपणाने घराला इतकं बरं वाटलेलं मी पाहिलं नव्हतं. जाताना तुम्ही बजावलंत, बाबा, पॅच (म्हणजे तेच ठिगळ) आला की त्याच दिवशी घालायचा. मी आज्ञा पाळली. तेव्हापासून कॉम्प्युटरला साधी शिंकसुद्धा आलेली नाही, आणि तुम्हीही आलेला नाहीत.

आम्ही सुखात आहोत, गैरसमज नको. दुकान चालतं, दोन वेळा चहा होतो, भांडण एकदाच होतं. पण जेवताना सासूबाई अजूनही चार ताटं काढतात आणि दोन परत ठेवतात, ते मला बघवत नाही. असो. कळावे. लोभ आहेच, तो अपडेट करावा लागत नाही.

तुमचा,
सासरा

ता. क. कन्येचा चष्मा तयार आहे. टपालाने पाठवणार नाही, काचा नाजूक आहेत.

ता. क. दुसरा (हा नीट वाचावा). या महिन्याचा पॅच येऊन दाराशी उभा आहे. ‘अत्यंत महत्त्वाचा’ असं लाल अक्षरांत लिहिलंय. मी त्याला आत घेतलेलं नाही. रोज ‘आता की नंतर’ विचारतो, रोज मी ‘नंतर’ दाबतो. तो आत येईल तर तुमच्याच हाताने, असा माझा निश्चय आहे. तोवर आपलं दुकान जगातल्या समस्त चोरांना उघडं राहील. कंपनीच्या अब्रूचा प्रश्न आहे, तेव्हा निघावं. कन्येला घेऊनच निघावं, तिच्याशिवाय हा पॅच लागत नाही असं मी कुठेसं वाचलंय.

पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून या ओळी माझ्या. ह्यांच्या धमकीला घाबरू नका. तो पॅच मी परवाच घातला, पत्र लिहून झाल्यावर हे आंघोळीला गेले होते तेव्हा. आता पडद्यावर काहीच विचारत नाही, तर ह्यांना वाटतंय पॅच घाबरून परत गेला. कॉम्प्युटर ठणठणीत आहे, हेही ठणठणीत आहेत, गुडघ्याचं काही ऐकू नका. जावईबापू, तुम्ही धावत यावं असं एकही कारण या घरात नाही. तसेच या.