गुरुवारी न सांगितलेला निरोप

बाबा,

आज सदर बाजारातून येताना तुमच्या शिलाईच्या दुकानावरून गेले. तिथे आता रेडिओ दुरुस्तीवाला बसतो. तरी पाय थांबलेच. लग्नानंतर चार महिन्यांत सासर सोडून आले, तेव्हा घरी न जाता ट्रंक घेऊन मी थेट याच दारात उभी राहिले होते. तुम्ही कुणाचं तरी माप घेताय, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. मला रडू फुटतं. तुम्ही मान न वळवता म्हणता, "रडायचं असन त घरी जाऊन रड वं. इथं मी माप घेऊन राहिलो." ते फार लागलं होतं मला. पण संध्याकाळी तुम्ही ती ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधलीत, आणि प्रताप नगरच्या घरापर्यंत तुरीच्या शेतांमधून चालताना काय झालं म्हणून एका शब्दाने विचारलं नाहीत. पुढच्या वर्षी मी नर्सिंगला गेले तेव्हा पांढरा गणवेश तुम्हीच शिवला. खिसे एवढे मोठे, की पहिल्याच दिवशी मेट्रन हसल्या. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "बाईच्या कपड्याले कोणी खिसा ठेवत नाही. तुले लागन." आणि लागलेच, बाबा. कात्री, थर्मामीटर, पट्टीचं भेंडोळं, सगळं त्यात मावायचं.

घरही तुम्ही शिवल्यासारखंच उभं केलंत, जमेल तसा एकेक तुकडा जोडत. आधी टिनाची एक खोली, मग स्वयंपाकघर, आई गेल्यावर पुढची ओसरी. मागची जागा वांगी आणि अंबाडीसाठी मोकळी ठेवलीत. कोणाला काय द्यायचं ते मात्र कुठे लिहून ठेवलं नाहीत. तीन लेकरं आहेत, बसून ठरवतील, असं तुम्हाला वाटलं असेल.

तुमच्या तेरवीचं जेवण आटोपलं, पाहुणे गेले आणि ओसरीतच सुरू झालं. दादा तेव्हा रेल्वेच्या नोकरीत नुकताच नागपूरला बदलून आला होता. तीन मुली, भाड्याच्या दोन खोल्या. तो म्हणाला, "घर विकू अन तीन वाटे करू." धाकट्याचा संसार याच घरात. तो उसळला, "अन मी लेकरं घेऊन कुठं जाऊ? बाबाचं दुखणं मी काढलं इथं. तू दिसला काय कधी?" दादा म्हणाला, "नोकरी सोडून येऊन बसू काय?" मी ताटं उचलत होते. मला कोणी काही विचारलं नाही. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले.

मग वकिलाने दोघांनाही तेच सांगितलं. काहीही करायचं तर बहिणीची सही लागेल.

बाबा, धंतोलीत दवाखान्याच्या मागे मी एक खोली घेऊन राहते, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्याशिवाय तिथे कोणी येत नसे. सुट्टीच्या दिवशी मी चादरी धुवायची, वाळवायची आणि पुन्हा त्याच अंथरायची. आता दादा रविवारी येऊ लागला. सीताफळं आणायचा, माझा भपकणारा स्टोव्ह उघडून साफ करायचा. गुरुवारी मला सुट्टी असे, त्या दिवशी धाकटा यायचा, कधी लेकीला घेऊन. ती माझ्या खाटेवर बसून पाढे म्हणायची. मी पाटोडीचा रस्सा करायची. दादा बोटं चाटत म्हणायचा, "बाई, आईच्या हातची चव तुह्याच हातात आली." मग हळूच, "सहीचं काय ठरवलं?" मी म्हणायची, "विचार करून राहिली." धाकट्यालाही तेच. खरं तर मला त्या घरातला वाटा नको होता. ते मी पहिल्या दिवशीच सांगू शकले असते.

सहाएक महिन्यांनी एका रविवारी दादाने स्टोव्ह पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाला, "त्याले सांग, मागची जागा तेवढी मले दे म्हणा. दोन खोल्या बांधीन. घर राहू दे त्यालेच. मी काही त्याले रस्त्यावर काढून नाही राहिलो. मी स्वतः गेलो त पुन्हा भांडण होईन. तूच सांग." मी म्हटलं, सांगते.

गुरुवारी धाकटा आला. जेवला. लेकीने सतराचा पाढा म्हणून दाखवला. निरोप सांगितला की दोघं समेट करतील, कागद होईल, आणि रविवार-गुरुवार संपतील, हे मला ताट वाढतानाच लख्ख दिसलं. म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगू. दादाने विचारलं, "काय म्हणाला तो?" मी म्हटलं, "काहीच बोलला नाही." ते खोटंही नव्हतं. पुढचा गुरुवारही तसाच गेला. असं वर्ष गेलं.

त्या वर्षात दादाच्या थोरलीचं लग्न झालं. आपला निरोप भावाने धुडकावला, याच समजुतीत दादाने त्याला पत्रिका पाठवली नाही. लहानपणी सुट्टीत आली की ती पोर याच काकाच्या खांद्यावर असायची. निघताना माझ्या गळ्यात पडून तिने विचारलं, "आत्या, काका काहून नाही आला?" मी तिचा पदर सारखा केला.

लग्नानंतरच्या गुरुवारी मी धाकट्याला दादाचा निरोप सांगितला. तो ताटावरून उठला. "लग्नात मले विचारलं नाही, अन आता जागा पाह्यजे त्याले? वकिलानं समजावलं असन, म्हणून नरमला." हे बोलणं वर्षापूर्वीचं आहे, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. मी ते गिळलं. कुरकुरत का होईना, तो मानला. तिघांच्या सह्या झाल्या. जे पहिल्या सहा महिन्यांत होऊ शकत होतं, तेच झालं.

आता दोघं वीस पावलांवर राहतात आणि एकमेकांच्या दारी पाणीही पीत नाहीत. दादा म्हणतो, त्याने वर्षभर मला झुलवलं. धाकटा म्हणतो, वकील नसता तर दादाने आम्हाला बाहेर काढलं असतं. भाऊबीजेला मी आधी एकाला ओवाळते, मग दुसऱ्याला. दोन्हीकडे ऐकून घेते आणि मान हलवते. माझ्या खोलीवर आता दोघंही येत नाहीत. कामच उरलं नाही.

हे पत्र खरं तर तुम्हाला नाहीच, बाबा. ते त्या दोघांना जायला हवं. पाकिटावर नाव कोणाचं आधी लिहावं ते ठरत नाही, असं मी स्वतःला सांगत असते. पण ते खरं नाही. खरं कळलं तर ते दोघं एकमेकांशी बोलू लागतील आणि माझ्याशी बोलणार नाहीत, याची मला भीती वाटते.