चौथा भाग

आई, चौथा भाग आला. परवा ऑफिस सुटल्यावर फ्रीगंज बाजारातल्या आपल्या त्याच पुस्तकांच्या दुकानातून घेतला. रांगेत सगळ्या शाळेतल्या मुली. पुढची एक वळून म्हणाली, "आंटी, बेटी के लिए?" मी "हाँ" म्हणून टाकलं. मला मुलगी नाही. पण चाळिशीला आलेली बाई जादूच्या कादंबरीसाठी का ताटकळलीय, हे तिला समजावण्याइतकं त्राण नव्हतं.

पहिला भाग तू माझ्या हातातून ओढून घेतला होतास. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली, आणि मी गणिताच्या वहीखाली लपवून वाचतेय. गॅसवर फोडणी तडतडतेय आणि तू उलथनं घेऊन मागे उभी. "बोर्डाचं वर्ष आहे आणि ही कोल्ह्यांच्या गोष्टी वाचतेय!" पुस्तक तुझ्या पिशवीत गेलं, पिशवी तुझ्याबरोबर पोस्टात. आठ दिवसांनी मेथी निवडताना, माझ्याकडे न बघता तू विचारलंस, "याचा दुसरा भाग कधी येणार गं?" डब्याच्या सुट्टीत तू ते अख्खं वाचून काढलं होतंस. काउंटरवरच्या बाकीच्या बायकांना दिसू नये म्हणून भैरवगढच्या ठसेछापाच्या जुन्या चादरीचं कव्हरही शिवलं होतंस. गोष्टीत गावची आटलेली नदी परत आणायला निघालेली सोळा वर्षांची मुलगी, तिच्यासोबत बोलणारा पांढरा कोल्हा, आणि मागे घाटावर वाट बघत बसलेली तिची आई. पुस्तक हिंदी अनुवादातलं, पण आपण त्यांच्याबद्दल मराठीत बोलायचो, शेजारच्या घरातली माणसं असावीत तसं. "तिनं त्या जादूगाराचं ऐकायलाच नको होतं," असं तू पोळी लाटता लाटता मध्येच म्हणायचीस. तिसऱ्या भागानंतर लेखिका गप्प झाली. तू दर दिवाळीला दुकानात विचारायचीस आणि दुकानदार म्हणायचे, "मैडम, आएगा तो सबसे पहले आपको फोन करूँगा."

आता आलाय, तर काय सांगू? पुस्तक वाईट नाही. पहिली दोनशे पानं तर मी ओट्याशी उभी राहूनच वाचली. कोल्हा मरतो तिथे कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले, डाळ लागली. पण पुढेपुढे मी थकत गेले. ती मुलगी अजून सोळाचीच आहे गं. तिचं तेच धावणं, त्याच शपथा. मी मात्र पानापानावर तिच्या आईला शोधत होते. शेवटी नदी सुटते, पण मुलगी पहाडातच राहते, पाण्याची राखणदार होऊन. गावात पाणी पोचतं आणि सगळ्या बायका रडतात, एवढं एक वाक्य. त्या बायकांत तिची आई आहे की नाही, तेसुद्धा लिहिलेलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या मुलीनं माझ्याआधी वाचून संपवलं होतं. पंधरा वर्षांची आहे. काल जिन्यात भेटली. "एंड तो कमाल है ना आंटी? वो लौटती ही नहीं!"

"और उसकी माँ?" मी विचारलं.

ती जरा गोंधळली. "माँ तो... माँ को तो पता ही होगा ना."

मला तिचा राग आला नाही. त्या वयात मीही हेच म्हटलं असतं. पुण्याची नोकरी धरून निघाले तेव्हा माझं काय वेगळं होतं?

अकरा वर्षांपूर्वी मी चार दिवसांसाठी आले होते. तू हॉस्पिटलमध्ये, नळ्या लावलेली, आवाज खोल गेलेला. चौथ्या दिवशी दुपारी तू अचानक विचारलंस, "ती पोर शेवटी घरी येते का गं?"

"येते," मी म्हटलं. "पुस्तक यायचंय अजून, पण मी बातमी वाचली. येते ती."

"नक्की?"

"नक्की."

"मग बरं." मग म्हणालीस, "तुझी गाडी चुकेल, नीघ आता." मी म्हटलं, "साहेब सुट्टी वाढवून देत नाहीत गं, नाहीतर थांबले असते." तू माझ्या हातावर दोनदा थोपटलंस. सहाव्या दिवशी फोन आला.

आता मी बदली घेऊन इथेच आलेय, तुझ्याच स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. तू अख्खा जन्म पोस्टात काढलास, त्यामुळे पत्त्याशिवायच्या पत्राचं काय होतं ते तुला मी काय सांगावं. हेही ड्रॉवरमध्येच राहील.

बातमी वगैरे मी काही वाचली नव्हती, ते तू तेव्हाच ओळखलं असशील. पण दुसरं तुला माहीत नसेल. साहेबांनी सुट्टी नाकारली नव्हती, आई. मी मागितलीच नव्हती.