दोन इंच खोल

मंगळवार, संध्याकाळी सातला

प्रथमोपचाराच्या पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र आज मिळालं. उद्यापासून सातपूरच्या आमच्या कारखान्यातल्या फलकावर माझं नाव. कुणाचं हृदय बंद पडलं, तर रुग्णवाहिका येईपर्यंत मी. मी?

पुस्तक आत्ता नीट वाचलं. छाती दोन इंच खोल दाबायची. बाहुल्यावर सराव करताना सर ओरडत होते, "ताई, हळू! बाहुला उसना आणलाय, मोडेल." सगळ्यांनी जपूनच दाबलं. सगळे पास. माझा हात इंचभरही खाली गेला नव्हता. रोज "जेवलीस का, बाई?" विचारणारे प्रेस मशीनवरचे शिंदेकाका कोसळले, तर त्यांनाही मी अशीच जपत बसेन?

साहेबांना फोन केला. म्हटलं, "पुन्हा शिकेपर्यंत माझं नाव लावू नका."

"मग कुणाचं लावू, मॅडम? सगळे तुमच्याबरोबरच शिकलेत."